अळीव वापरताना या चुका टाळा

थंडी सुरू झाली की घरोघरी अळीव येतात आणि पाठोपाठ तक्रारी येतात. लाडू डिंकासारखे चिकटले, खीर फाटली, दाताखाली कच लागते. दाणा तिळाएवढा, लालसर तपकिरी, मोहरीच्या कुळातला. पाणी लागलं की तो अंगाभोवती बुळबुळीत थर धरतो आणि चांगला फुगतो. हे विसरलं की पुढचा निम्मा घोटाळा ठरलेला.

पहिली चूक प्रमाणाची, आणि माझा सगळ्यात जास्त राग हिच्यावर. "अळीव पौष्टिक, मग जास्त घातले तर काय बिघडतं?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. माझ्या जावेच्या सुनेने बहिणीच्या बाळंतपणासाठी लाडू केले. एका नारळाला वाटीभर अळीव घातले, का तर म्हणे लोह जास्त मिळेल. अळिवांनी नारळाचं पाणी पिऊन टाकलं, खोबऱ्याचा ओलावाही ओढला. कढईत खोबरं दिसेनाच, नुसता लाल लगदा. तो आळेना म्हणून तिने आणखी गूळ घातला, गुळाला पाणी सुटलं, आच वाढवली आणि बूड लागलं. मला फोन आला तेव्हा कलथा कढईत उभा राहत होता. करपलेला थर तसाच खाली सोडून वरचं मिश्रण दुसऱ्या कढईत काढायला लावलं, त्यात आणखी दोन नारळ खवून घातले आणि मंद आचेवर पुन्हा परतलं. लाडू वळले गेले, पण तोवर बाळंतिणीने नमुना म्हणून चिकट गोळे भरपूर खाल्ले होते. अळीव पोट साफ करतात, त्यामुळे त्या रात्री तिचं काय झालं असेल ते सांगायला नको.

माझं प्रमाण असं: एका मोठ्या नारळाला पाव वाटी अळीव, फार तर किंचित जास्त. वाटीभर चिरलेला गूळ, वेलची, जायफळ. दिवसाला एक लहान लाडू पुरतो.

भिजवण्यातली घाई हीसुद्धा त्यातलीच. पंधरा मिनिटांत दाणे बुळबुळीत दिसायला लागतात, म्हणून लोकांना वाटतं, झालं. वरचा थर फुगलेला असतो, आतला दाणा कडकच. नारळाच्या पाण्यात दोन तास तरी राहू द्या. मी खोबरं आणि अळीव एकत्र कालवून झाकून ठेवते आणि दुसऱ्या कामाला लागते. गरम पाणी ओतून दहा मिनिटांत उरकण्याची युक्ती व्हिडिओत छान दिसते. ती सांगणाऱ्यांनी तो लाडू स्वतः खाल्ला असेल का, याची मला शंका आहे.

भिजवण्याआधी अळीव धुऊ नका. चाळणीत नळाखाली धरले की गोळा होतो, चाळणीची भोकं बुजतात आणि कच त्या गोळ्यातच अडकून बसते. कोरडेच पाखडा, पांढऱ्या ताटात थोडे थोडे पसरा, चष्मा लावा आणि निवडा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता नाही.

आता कोरडे अळीव चमचाभर तोंडात टाकून वर पाणी पिणाऱ्यांबद्दल. केस वाढतात म्हणून सध्या हे चाललंय. जो दाणा वाटीत फुगतो तो घशातही फुगतो. अन्ननलिकेत अडकला तर दवाखाना गाठावा लागतो. लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तर कोरडे अळीव मुळीच देऊ नका.

खिरीत गूळ गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घाला. उकळत्या दुधात घातलात तर ते फाटू शकतं.

लाडवाचं मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की उतरवा. निवताना ते आणखी आळतं. "अजून जरा" म्हणत परतत राहिलात तर गुळाचा पाक पुढे जातो आणि लाडू दगड होतात. तसे झालेच तर थोडं नारळाचं दूध शिंपडून मंद आचेवर मऊ करा आणि कोमट असतानाच, हाताला तूप लावून वळा.

बाळंतिणीला देतात म्हणून गरोदरपणीही चालेल, हा हिशेब चुकीचा. बाळंतपणानंतर दूध यावं, ताकद यावी म्हणून अळीव देतात. गरोदर असताना जुन्या बायका अळिवांना हातही लावू देत नसत. गरोदर असाल किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल, तर ती लाडवाच्या भरवशावर बंद करू नका. लाडू खाऊन लगेच चहाही नको, चहामुळे लोह अंगी कमी लागतं. त्याऐवजी भिजवलेल्या अळिवाच्या पाण्यात लिंबू पिळून घेतलं तर उलट मदत होते.

ओल्या खोबऱ्याचे लाडू बाहेर एक-दोन दिवसच टिकतात. उरलेले फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. आंबट वास आला तर मायेने पुन्हा परतत बसू नका, टाकून द्या.