महिला सदस्यांची गटचर्चा घेण्याआधी: बाहेर थांबणाऱ्या पुरुषांची सोय केली का?

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेच्या खोलीत नऊ जणी गोल करून बसल्या होत्या, चौघी सरपंच आणि पाच ग्रामपंचायत सदस्य. चहा झाला, ओळख झाली, रेकॉर्डर सुरू केला, आणि पुढचे पावणेदोन तास मी एकच शब्द ऐकला. सहकार्य. घरचे सहकार्य करतात, ग्रामसेवक सहकार्य करतात, गाव सहकार्य करतं, काहीच अडचण नाही. माझ्या पाठीमागे खिडकी होती. खिडकीबाहेरच्या ओट्यावर, या बायकांना मोटारसायकलवर घेऊन आलेले नवरे, दीर आणि एकीचा मोठा मुलगा बसले होते. मला ते दिसत नव्हते, बायकांना दिसत होते. सगळं आटोपल्यावर हापशावर हात धुता धुता एक ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, अडीच वर्षांत त्या खुर्चीवर मी दोनदा बसले. एकदा पदभार घेतला तेव्हा आणि एकदा वरून साहेब आले तेव्हा." हे वाक्य रेकॉर्डरमध्ये नाही. ज्यासाठी आम्ही तिथवर गेलो होतो ते एवढंच होतं, आणि ते माझ्या चुकीमुळे हापशावर राहिलं.

म्हणून ही यादी, आणि तिचा पहिला मुद्दा: पुरुषांची सोय. "महिलांचीच चर्चा आहे, पुरुषांनी आत बसू नये" एवढं सांगून काम होत नाही. ते आत बसत नाहीत, दारात उभे राहतात. त्यांना दुसरी जागा हवी, निदान हाकेच्या पलीकडची, आणि तिथे त्यांच्याशी बोलणारा आपला माणूस हवा. नुसता चहा पाजणारा नको. त्यांचीही रीतसर गटचर्चा घ्या. बायकोच्या पदाचं काम करताना तुम्ही नेमकं काय काय करता, हे विचारा. ते मोकळेपणाने सांगतात, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नाही, आणि आपल्यालाही ते ऐकायचंच असतं. वेळ मात्र दोन्हीकडे सारखीच. पुरुषांची चर्चा अर्ध्या तासात उरकली की ते ओट्यावर परत आलेच म्हणून समजा.

बायका एकट्या येतील असं गृहीत धरू नका. आठ-दहा किलोमीटर, एसटीची एक फेरी सकाळची आणि एक संध्याकाळची. मोटारसायकल हेच वाहन, आणि ती चालवणारा घरचाच. शक्य असेल तर गावोगाव फिरणारी गाडी आपणच ठरवा. पैसे जास्त जातात, जाऊ द्या. तरीही दोघं-तिघं मोटारसायकलवर मागोमाग येतातच, म्हणून गाडी असली तरी पुरुषांची सोय करायचीच.

आता निरोप. पंचायत समितीकडून मिळालेल्या यादीत सरपंच म्हणून बाईंचं नाव असतं आणि पुढे मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो. "सरपंच आहेत का?" म्हणून फोन केला की पलीकडून "बोला, सरपंच बोलतोय" असं पुरुषी आवाजात ऐकू येतं. त्यांच्याशी वाद घालू नका, पण निरोप तेवढ्यावर सोडूही नका. आशाताई किंवा अंगणवाडीताईंना गाठा, त्या घरात जाऊन बाईंशी समोरासमोर बोलतील. कार्यालयाचं पत्र काढून बोलावलंत तर ते प्रशिक्षण समजलं जातं, सोबत ग्रामसेवकही येतात, आणि ते असताना प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, कोण लिहितं याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. (ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी आहे. बायकांच्या तोंडी जुनंच असेल, तेच वापरा.)

दिवस ठरवताना ऊसतोडीचं भान ठेवा. दसरा-दिवाळीपासून कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोड्या, बाहेर पडतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात चर्चा ठेवली तर ज्यांच्या घरी शेती आहे त्याच बायका येतील आणि अहवालात "महिला सदस्य" म्हणून त्यांचंच मत जाईल. वस्तीवरची, तांड्यावरची सदस्य तेव्हा उसाच्या फडात असते. बाजाराचा दिवस टाळा, लग्नाची तीथ पाहा. ग्रामसभा नुकतीच झाली असेल तर फारच चांगलं, आठवण ताजी असते. १ मे किंवा १५ ऑगस्टनंतरचा आठवडा मला सोयीचा वाटतो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती खरंच भरली की नुसत्या सह्या झाल्या, हे तेव्हा नीट विचारता येतं.

जागा. ग्रामपंचायत कार्यालय नको, कारण सांगायची गरज नाही. देवळाचा सभामंडपही नको. पाळी असलेली बाई पायरीवरून परत जाते आणि कारण कुणाला सांगत नाही. काही गावांत दलित वस्तीतल्या बायका तिथे आल्या तरी कडेला बसतात, आणि आपल्याला वाटतं की त्या अबोल आहेत. सुट्टीच्या दिवशी शाळा मिळाली तर उत्तम. तिथे संडास उघडा आहे का, पाणी आहे का हे आदल्या दिवशी स्वतः पाहा. आणि खोलीत उभं राहून खिडक्या मोजा. प्रत्येक खिडकीतून बाहेर बघा, तिथे कोण बसू शकेल? तिथे ओटा आहे का, झाडाची सावली आहे का? असेल तर दुपारी तिथे माणसं बसणारच. दुसरी खोली घ्या किंवा पुरुषांची जागा शाळेच्या दुसऱ्या टोकाला करा.

गट सहा ते आठ जणींचा. एकाच गावातल्या दोन विरोधी पॅनेलच्या बायका एकत्र नकोत, जावा-जावाही नकोत. सरपंच आणि सदस्य वेगळे बसवा, माझ्या नऊजणींत ते मिसळले होते. सरपंच थेट लोकांतून निवडून आली आहे की सदस्यांतून, हेही आधी विचारून घ्या. थेट निवड २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली, त्यामुळे जुन्या-नव्या अनुभवांची सरमिसळ होते. सदस्यांनी निवडलेलीला सदस्यांना सांभाळावं लागतं. थेट निवडून आलेलीला कधी कधी सगळी बॉडीच, म्हणजे बाकीचे सदस्य, विरोधी पॅनेलची मिळते आणि प्रत्येक ठराव अडतो. दोघींची दुखणी वेगळी आहेत.

ओळख करून घेताना "मुलं किती?" असं कुणालाही विचारू नका. आपल्याला ती साधी चौकशी वाटते. पण १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर सदस्यपद जातं, आणि विरोधक त्याच कागदाच्या शोधात असतात. वही-पेन घेऊन आलेल्या अनोळखी बाईने हा प्रश्न विचारला की समोरचीचा चेहरा बंद होतो तो शेवटपर्यंत उघडत नाही.

प्रश्नांबद्दल. "समानता आहे असं वाटतं का?" असं विचाराल तर "हो" हेच उत्तर येईल. आकडा विचारायला तर गटचर्चा लागतच नाही. ७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्या केल्या, ते कागदावर आहे. आपण वस्तूंबद्दल विचारायचं. मागच्या मासिक सभेत तुम्ही कुठे बसला होता, शेजारी कोण होतं? प्रोसिडिंगवर सही कार्यालयात केली की वही घरी आली? अजेंडा निघाला तो तुम्हाला कुणी वाचून दाखवला? डोंगल कुणाकडे असतं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय निघत नाहीत. सरपंचबाईंची सही ज्या डोंगलमध्ये आहे ते त्यांच्या घरात आहे, ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आहे की नवऱ्याच्या खिशात, एवढं कळलं की पुढचे दहा प्रश्न आपोआप सुचतात. तसंच उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला-बालकल्याणावर खर्च करायची असते. ती कशावर झाली आणि कुणी ठरवलं? आणि हे विचारत असताना डोंगल खिशात घेऊन फिरणारा माणूस खिडकीबाहेर बसलेला असेल, तर उत्तर मिळणार नाही. पुन्हा सांगते, आधी त्यांची सोय.

माणसं तीन लागतात. एक बोलणारी, एक लिहिणारी आणि एक पुरुषांसोबत. आमची तिसरी व्यक्ती ऐन वेळी आली नाही आणि मी म्हटलं, चालेल. चालत नाही. तिसरा नसेल तर तारीख पुढे ढकला. लिहिणारीला तिथली बोली कळायला हवी, आणि कोण बोललं यासोबत कोण गप्प झालं, कुणी कुणाकडे बघितलं हेही टिपायला हवं. आमच्या लिहिणारीच्या त्या दिवशीच्या टिपणात "सगळ्या वारंवार माझ्या मागे बघत होत्या" अशी ओळ आहे. ती मी दोन दिवसांनी वाचली.

लहान मुलं येणार, त्यांना सांभाळायला कुणीतरी हवं. बुडालेल्या रोजाचे पैसे द्या, कमीपणा वाटेल म्हणून प्रवासखर्चात धरून पाकिटातून द्या. रेकॉर्डिंगची परवानगी घ्या, नको म्हणाल्या तर बंद. फोटो काढू नका, तुमचा गाडीवालाही स्टेटसला टाकतो. बिलासाठी हजेरीचा कागद लागतोच, त्यावर विषय लिहू नका.

नंतरचं थोडक्यात. त्याच रात्री टिपणं पूर्ण करा. अहवालात गाव, आरक्षणाचा प्रवर्ग आणि वर्ष एकत्र आलं की बाई ओळखू येते, यातलं एक तरी काढा. महिन्याभराने परत जाऊन वाचून दाखवा. त्याही दिवशी पुरुष सोबत येतील, तेव्हा तिसरा माणूस न्याच.

जेवणाचे डबे सांगताना पुरुषांचेही धरा. आणि आदल्या रात्री शेवटचा फोन त्यांच्यासोबत बसणाऱ्या सहकाऱ्याला, येतोय ना म्हणून.