जास्वंद उलगडून फुलाचे भाग ओळखा

आकृती पाठ करून फुलाचे भाग डोक्यात राहत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री पुमंग (फुलाचा नर भाग) आणि जायांग (मादी भाग) यांची हमखास अदलाबदल होते. वडगावात माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पोरांना मी आधी पुस्तक मिटायला लावते आणि परड्यातली जास्वंद तोडून आणायला सांगते.

फूल सकाळचं ताजं हवं आणि एकेरी हवं. भरगच्च दुहेरी जास्वंद गणपतीला शोभते, पण इथं कामाची नाही. तिच्यातले बरेच पुंकेसर, म्हणजे परागकण धरणारे नर केसर, पाकळ्यांसारखे झालेले असतात, मग पोरं मोजत बसतात. खाली जुना पेपर अंथरा, एक टाचणी घ्या. ब्लेड मोठ्यांनीच चालवायचं.

बाहेरून आत जायचं. देठाचं टोक जिथं किंचित फुगतं तो पुष्पाधार, बाकी सगळं त्याच्यावर बसलेलं. त्याला लागून अरुंद हिरवी पानं दिसतात, त्यांना निदल म्हणून मोकळे होऊ नका. खरा निदलपुंज त्यांच्या आत आहे: पाच निदलं खालून जुळून झालेला हिरवा पेला. कळीला यानंच सांभाळलेलं असतं. तो उभा चिरून काढा.

मग दलपुंज, म्हणजे पाच पाकळ्या, एकीची कड दुसरीवर चढलेली. इथं दर वर्षी कुणीतरी ओरडतंच, "टीचर, माझं तुटालंय!" पाकळ्या बुडाशी मधल्या दांडीला चिकटलेल्या असतात. हिसका द्यायचा नाही, एकेक सावकाश सोडवायची.

आता उरली लांब दांडी, आणि खरी गंमत हिच्यातच. दिसायला एक, पण आहेत दोन. बाहेरची नळी म्हणजे पुमंग. सगळ्या पुंकेसरांचे तंतू जुळून ती झालेली असते. वरच्या भागात सुटे तंतू बाहेर आलेत, त्यांच्या टोकाचे पिवळे ठिपके म्हणजे परागकोश. बोट लावा, परागकण बोटाला येतील. आता टाचणीनं नळी उभी फाडा. आत पांढरट धागा सापडेल, तो कुक्षीवृंत. वर त्याचे पाच फाटे होतात, प्रत्येकाच्या टोकाला मखमली कुक्षी. खाली त्याच्या मागोमाग गेलात की अंडाशय. हे तिन्ही मिळून जायांग. अंडाशय आडवा कापला की पाच कप्पे आणि मधल्या भागाला लागलेली बीजांडं दिसतात. भिंग असेल तर आत्ताच काढा.

कुक्षीवर पडलेल्या परागकणातून नलिका फुटते, कुक्षीवृंतातून खाली बीजांडापर्यंत पोचते. पुढं बीजांडाची बी होते, अंडाशयाचं फळ. शोभेच्या जास्वंदीला फळ क्वचितच धरतं, म्हणून मी लगेच भेंडी आडवी कापते. दोघी एकाच कुळातल्या. तेच कप्पे, फक्त आता बियांनी भरलेले.

एवढं जमलं की दुसरी फुलं घ्या. झेंडूची एकेक 'पाकळी' म्हणजे एक अख्खं छोटं फूल, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून नको. भोपळ्याची नर-मादी फुलं वेगळी असतात, मादीफुलाखाली इवला भोपळा दिसतो, तो अंडाशय. निपाणीकडं तंबाखूचं फूल मिळालं तर जरूर बघा, पाकळ्या जुळून नळी झालेली आणि पुंकेसर नेमके पाच. पण पान पोसावं म्हणून शेतकरी शेंडे खुडतात, त्यामुळे बियाण्यासाठी राखलेलं झाड विचारून घ्यावं लागतं.

खानापूरकडच्या काजूत फळ कुठलं, यावर मात्र पोरं भांडतात. रसाळ बोंडू हा फुगलेला देठ, आणि अंडाशयापासून झालेलं फळ म्हणजे त्याच्या खाली लटकणारी ती टणक काजूबी.