भाकरीसोबत कोरडी डाळ मोजा: लायसिनचा घरगुती हिशोब

लातूरात माझी मेस आहे. क्लाससाठी गावाकडून आलेली लेकरं दोन्ही वेळा माझ्याकडं जेवतात, आणि त्यांच्या आया मला फोन करतात. परवा उदगीरकडच्या एका आईनं विचारलं, "ताई, लायसिनच्या गोळ्या चालू करू का? पोरगं नुसतं भाकरी-चटणी खातंय." मी म्हणाले, "गोळ्या राहू द्या. तो डाळ किती खातो ते आधी बघू."

प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात, आणि लायसिन हे त्यातल्या 9 आवश्यक अमिनो आम्लांपैकी एक. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं. स्नायूंना लागतं, कातडी आणि हाडं बळकट ठेवणाऱ्या कोलॅजनला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 30 मिलिग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या माणसाला दीड ग्रॅम. वाढीच्या वयात थोडं जास्तच.

ज्वारी इथं कमी पडते. तिच्यात प्रथिनं शंभराला दहाच्या आसपास असतात, पण लायसिन 100 ग्रॅम पिठात साधारण 200 मिलिग्रॅमच. दिवसभरात 200 ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी 400 मिलिग्रॅम झालं. पोळी थोडी बरी, पण तिनंही भागत नाही. म्हणून ज्वारी सोडायची का? मुळीच नाही. तिच्या शेजारी डाळ ठेवायची. तूर, हरभरा, मूग, मटकी, हुलगे यांच्या 100 ग्रॅम कोरड्या दाण्यात लायसिन सव्वा ते दीड ग्रॅम असतं. उलट डाळीत मेथिओनिन हे दुसरं आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, ते ज्वारीकडून आणि तिळाकडून मिळतं.

घोळ होतो तो वरणात. वाटीभर वरण दिसतं, पण त्यात डाळ चमचाभर आणि बाकी पाणी. वाट्या मोजू नका, शिजायला टाकतानाची कोरडी डाळ मोजा. माझं माप सोपं आहे: माणशी एक मूठ, वजनात 40 ग्रॅमच्या आसपास. दहा लेकरांना 400 ग्रॅम तूरडाळ. तिचं घट्ट वरण करा, येसर घालून आमटी करा, नाहीतर चकोल्या करा. दुसऱ्या वेळेला माणशी 30 ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचं पिठलं, नाहीतर तेवढ्याच मटकीची उसळ. या दोन्हीतून मिळून साधारण 1 ग्रॅम लायसिन येतं. वर पेलाभर दूध किंवा तेवढं दही धरलं की आणखी 500 मिलिग्रॅम. भाकरीचं धरून सगळं दीड ग्रॅमच्या पुढं जातं, आणि पुढं गेलेलंच बरं, कारण डाळी-धान्यातली प्रथिनं पूर्ण पचत नाहीत. ताक पातळ असेल तर ते दह्याच्या हिशोबात धरू नका.

दळणातही सोय करता येते. किलोभर ज्वारीत जेमतेम 2 ग्रॅम लायसिन, आणि 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे किलोला 100 ग्रॅम सोयाबीन घातलं की पिठातलं लायसिन दुप्पट होतं. सोयाबीन मात्र कच्चं दळायचं नाही. त्यात पचन अडवणारे घटक असतात. भिजवून, चांगलं उकळून, कडक वाळवून मगच गिरणीत द्या. याहून जास्त घातलं तर पिठाची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. जास्त डाळ खपवायची असेल तर धपाटे करा. ज्वारीच्या पिठात बेसन सढळ घाला, दह्यात मळा. माझ्याकडं धपाट्याच्या दिवशी ताटात काही उरत नाही!

शेंगदाण्याची चटणी इथल्या प्रत्येक ताटात असते. ती खावीच, पण डाळीच्या जागी नाही. दाण्याच्या प्रथिनात लायसिनचं प्रमाण डाळीच्या जवळपास निम्मं असतं. तीळ, कारळं, जवस लायसिनच्या हिशोबात धरू नका. बिस्किटं तर नाहीच: गव्हाचं लायसिन आधीच थोडं, त्यात साखरेबरोबर भाजताना आणखी वाया जातं. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकायचीही गरज नाही. भिजवून कुकरला लावा.

अंडं खाणाऱ्यांचं काम सोपं, एका अंड्यात 400 मिलिग्रॅमच्या वर लायसिन असतं. चिकनच्या 100 ग्रॅममध्ये दीड ग्रॅमच्या वर, म्हणजे तेवढ्यात मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागते.

ज्याला वरण आवडतच नाही अशा लेकराच्या डब्यात फुटाणे द्या, थंडीत तुरीचे सोले उकडून द्या. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यांच्या डाळीचं माप मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.