पंचायत किंवा पालिकेविरुद्ध लोकायुक्तांकडे तक्रार कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील मराठी माणसाला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा त्रास झाला, की सल्ला बहुधा चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडून येतो. परंतु तिकडचा ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) इकडे नाही, इकडे पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी आहे, आणि महाराष्ट्राच्या लोकायुक्तांचा अर्जही येथे उपयोगाचा नाही. येथे लागू होतो तो कर्नाटक लोकायुक्त अधिनियम 1984, जो 15 जानेवारी 1986 पासून अमलात आहे. स्थानिक संस्थांतील कर्मचारी व अधिकाऱ्यांप्रमाणेच निवडून आलेले अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सदस्यही त्याच्या कक्षेत येतात, आणि अशा तक्रारी सामान्यतः उपलोकायुक्तांपुढे जातात.

अर्ज लिहायला बसण्यापूर्वी आपली तक्रार कोणत्या जातीची आहे हे ठरवणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून असते. कायदा दोन गोष्टींत भेद करतो. गैरकारभारामुळे तुमच्यावर अन्याय झाला किंवा तुम्हाला विनाकारण त्रास सोसावा लागला, तर ते गाऱ्हाणे होय: घराच्या ई-स्वत्तू (पंचायतीच्या संगणकीकृत मालमत्ता नोंदीच्या) उताऱ्यासाठी, म्हणजे नमुना 9 व 11 अ साठी, सर्व कागद देऊनही पंचायत महिनोन्‌महिने फिरवत राहते, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. अधिकाऱ्याने किंवा सदस्याने पदाचा गैरवापर करून स्वतःचा अथवा दुसऱ्याचा फायदा केला, भ्रष्टाचार किंवा वशिलेबाजी केली, तर तो आरोप होय. गटार कागदावर पूर्ण, बिल अदा आणि गल्लीत मात्र चिखल, हा प्रकार त्यात मोडतो. गाऱ्हाण्याची मुदत ती कृती तुम्हाला समजल्यापासून सहा महिने आहे, तर आरोपाची मुदत कृती घडल्यापासून पाच वर्षे. उशिराचे सबळ कारण पटवून देता येते, पण त्यावर विसंबू नये. आपल्याकडची माणसे भिडेखातर वर्षभर स्मरणपत्रेच देत राहतात, आणि लोकायुक्तांची आठवण होईपर्यंत गाऱ्हाण्याची मुदत उलटून गेलेली असते.

काही प्रकरणे येथे चालतच नाहीत. अपील किंवा पुनरीक्षणाची वाट कायद्याने दिलेली असेल, तर सामान्यतः आधी तीच धरावी लागते. बदली, बढती, पगार यांसारखे नोकरीविषयक वाद वगळलेले आहेत, मात्र निवृत्तिवेतन किंवा ग्रॅच्युइटी अडवून धरली असल्यास तक्रार करता येते. खाजगी व्यक्तीविरुद्धही हे दार बंद आहे. शेजाऱ्याने रस्त्यावर भिंत घातली असेल, तर तक्रार शेजाऱ्याविरुद्ध न करता, लेखी कळवूनही काहीच न करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध करावी. ही एक गोष्ट न समजल्यामुळे कित्येक अर्ज भाऊबंदकीचे भांडण ठरून बाजूला पडतात.

खरे काम कागद जमवण्याचे आहे. पहिला अर्ज पीडीओ किंवा पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा, नंतर ग्रामपंचायतीच्या प्रकरणात तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा पंचायतीच्या सीईओंकडे दाद मागावी, आणि प्रत्येक वेळी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. एकदा ओळखीचे कारकून म्हणून मी पोच न घेता अर्ज ठेवून आलो, आणि तीन महिन्यांनी असा अर्जच आलेला नाही असे ऐकावे लागले. तेव्हापासून ओळख असो वा नसो, शिक्का घेतल्याशिवाय मी टेबल सोडत नाही. कार्यालयाने नकार दिला तर तो लेखी मागावा. येथील कार्यालयांत त्याला हिंबरह म्हणतात, आणि तुमच्या बाजूचा तोच सर्वांत मोठा पुरावा असतो. कामातील गैरव्यवहार असेल तर सभेची नडावळी (इतिवृत्त), कामाचा आदेश, मोजमाप पुस्तक आणि बिलाची प्रत माहिती अधिकारात मागावी. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस आहे. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत मांडावा लागत असल्याने गावचा सगळा इतिहास तेथे लिहू नये.

भाषेबद्दल अनेकांच्या मनात धाकधूक असते. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मराठी त्यात निःसंशय बसते. तरीही माझा सल्ला असा की मराठी अर्जासोबत कन्नड भाषांतर जोडावे. हक्क सोडावा असे मला म्हणायचे नाही; फाईल ज्याच्या हाती जाईल त्याला ती पहिल्याच दिवशी वाचता यावी, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

तक्रार नमुना 1 मध्ये आणि सोबतचे शपथपत्र नमुना 2 मध्ये द्यावे लागते. अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, घटनेची तारीख, त्याने काय केले किंवा काय करायचे टाळले, आणि त्याचा पुरावा कोणत्या पानावर आहे, एवढे क्रमवार लिहावे. ‘सगळेच खातात’ हे वाक्य शपथेवर सांगता येत नाही, म्हणून ते गाळावे. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे, त्यामुळे स्वतः पाहिलेले आणि ऐकीव यांतील फरक मजकुरात स्पष्ट ठेवावा. तक्रार बेंगळूरच्या कार्यालयात स्पीड पोस्टाने पाठवता येते.

लाच मागितली असेल तर हा लांबचा मार्ग न धरता पैसे देण्यापूर्वीच बेळगावातील लोकायुक्त पोलिसांना गाठावे. 2016 मध्ये हे काम वेगळ्या एसीबीकडे (भ्रष्टाचार निरोधक दलाकडे) गेले होते, पण 11 ऑगस्ट 2022 रोजी उच्च न्यायालयाने एसीबी रद्द ठरवल्यावर ते लोकायुक्त पोलिसांकडे परत आले. नाइलाजाने लाच द्यावीच लागली असेल, तर सात दिवसांत कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळते.

तक्रार दाखल झाल्यावर प्राथमिक चौकशी होते. पुढे तपास करायचा ठरल्यास तिची प्रत संबंधित अधिकाऱ्याला जाते व त्याचे म्हणणे मागवले जाते, म्हणजे आपले नाव गुप्त राहील असे गृहीत धरू नये. अधिकाऱ्याचे उत्तर तुमच्याकडे अभिप्रायासाठी आले, तर दिलेल्या मुदतीत मुद्देसूद प्रत्युत्तर पाठवावे; ‘आता ते बघतील’ म्हणून गप्प बसणाऱ्याची फाईल बहुधा तेथेच बंद होते. गाऱ्हाण्यात तथ्य आढळल्यास लोकायुक्त किंवा उपलोकायुक्त निवारणाची शिफारस करतात आणि सक्षम प्राधिकाऱ्याला एका महिन्यात कार्यवाही कळवावी लागते. आरोप सिद्ध झाल्याच्या अहवालावर ही मुदत तीन महिन्यांची आहे. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हे खरे. मात्र केलेल्या कार्यवाहीने समाधान झाले नाही तर राज्यपालांकडे विशेष अहवाल पाठवता येतो आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. तक्रार बंद केली, तर तिची कारणे तक्रारदाराला कळवली जातात. ते पत्र नीट वाचावे, कारण ती पुराव्याअभावी बंद झाली की दुसरा मार्ग उपलब्ध होता म्हणून, यावरच आता त्या दुसऱ्या मार्गाने अपील करायचे की नवे कागद जोडून पुन्हा लिहायचे हे ठरते.