घरच्या कोंबड्या पाळताना या चुका टाळा

चिपळूण तालुक्यातल्या आमच्या घराच्या मागीलदारी सध्या १८ कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत. यात धंदा काही नाही. घरची अंडी खायला मिळावीत आणि मुलांना मुक्या जीवांची सवय व्हावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. पण पहिल्या दोन वर्षांत आणलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त आमच्या हातून गेली. रोगाने गेलेली त्यात थोडीच होती. बाकीची गेली ती आम्ही वेळेवर बघितलं नाही म्हणून. कोंबडी दुखणं लपवते. कळपात कुणी अशक्त दिसलं की बाकीच्या तिला टोचतात, त्यामुळे ती अगदी शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं सोंग करते. ती बसून राहिलेली आपल्याला दिसेपर्यंत दोन दिवस वाया गेलेले असतात. म्हणून सकाळी खुराडं उघडताना आणि तिन्हीसांजेला बंद करताना पाच-पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, हा आमच्याकडे आता नियम आहे.

स्वस्त जाळीवर भरवसा

आमची सगळ्यात महाग पडलेली चूक ही. हार्डवेअरच्या दुकानात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी आम्ही लावली होती. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री कांडेचोराने, म्हणजे उदमांजराने, कोपऱ्यातून ती उसवली आणि सकाळी सात कोंबड्या मरून पडलेल्या. त्यातली एकही त्याने पूर्ण खाल्ली नव्हती. मुलगी शाळेत गेली नाही त्या दिवशी. त्यातल्या दोघींना तिने नावं ठेवली होती.

आता खुराड्याला वेल्डेड जाळी आहे, अर्ध्या इंचाच्या भोकांची. जमिनीत फूटभर चर खणून ती खाली पुरली आहे, कारण कुत्रं आणि मुंगूस दोघंही खालून उकरतात. खालचे दोन थर चिऱ्याचे आहेत. दाराला नुसती कडी पुरत नाही, खटका लावून वर खिळा अडकवतो. जाळी कापताना हात सोलवटतात आणि खर्चही दुप्पट होतो, तरी या एका बाबतीत काटकसर करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

नुकसान झालंच, तर आधी कोण आलं होतं ते ओळखायला शिका. दिवसाढवळ्या कोंबडी गेली असेल तर मुंगूस, घार किंवा कुत्रं. रात्री गेली असेल तर कांडेचोर किंवा रानमांजर. आवाज न होता अंडी सालासकट नाहीशी होत असतील तर साप. फुटकी टरफलं जागेवर सापडली आणि लहान पिल्लं कमी होत असली, तर उंदीर-घुशीची बिळं शोधा. विष घालायचा विचार मात्र मनातसुद्धा आणू नका. मुंगूस आणि कांडेचोर दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते विष खाऊन शेजारच्यांचं कुत्रं मरतं ते वेगळंच.

बल्ब लावला म्हणजे ऊब झाली, असं समजणं

एक दिवसाच्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं. थर्मामीटर असेल तर उत्तमच, पण खरी खूण पिल्लंच देतात. ती बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय. गोलभर विखरून शांत बसली असतील, तर बल्बला हात लावू नका. पुठ्ठ्याचं कुंपणही गोलच करा; चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात दाटी होऊन खालची पिल्लं गुदमरतात.

आमच्याकडे जून-जुलैत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून त्या दोन महिन्यांत आम्ही पिल्लं आणतच नाही. तरी अडचण आलीच, तर बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवते. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिल्लंही मरतात आणि माणसंही.

रस्त्यावर टोपलीत ‘गावठी’ म्हणून विकली जाणारी स्वस्त पिल्लं पुष्कळदा हॅचरीतून निवडून टाकलेले नर असतात. तीन-चार महिने वाढवल्यावर घरात फक्त कोंबडे उरतात. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुष्कळ झाला.

लस ‘नंतर बघू’ म्हणणं

कोंबड्यांचा राणीखेत रोग, म्हणजे आपल्याकडची मानमोडी. हिरवट पातळ हगवण, लोंबणारे पंख, धाप आणि शेवटी मुरडलेली मान. एकदा कळपात शिरली की तिच्यावर औषध नाही, त्यामुळे जे करायचं ते आधीच. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास याच रोगावरच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. कोंबड्यांच्या देवीच्या लसीची आणि पुढच्या डोसांची वेळ आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वहीत लिहून ठेवा.

छोट्या कळपवाल्यांची अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि एकदा पातळ केली की दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरली तर ते नुसतं पाणी. आम्ही वाडीतली पाच घरं एकाच सकाळी लस देतो. एक जण बर्फाच्या थर्मासमधून कुपी आणतो आणि सगळे आपापली पिल्लं डालग्यात घालून आमच्या पडवीत येतात. लस पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी टाळा, त्यातल्या क्लोरिनने लस मरते. विहिरीचं पाणी घ्या. आणि आधीच आजारी असलेल्या पक्ष्याला लस टोचू नका.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी थेट कळपात सोडणं हीसुद्धा याच जातीची चूक. तीन आठवडे तिला वेगळं ठेवा, तिचं भांडंही वेगळं. आधी जुन्यांना दाणापाणी, मग नवीला, हा क्रम मोडू नका.

पावसाळ्यात खुराडं बंद करून टाकणं

झड आत येते म्हणून चारही बाजूंनी ताडपत्री ओढायचा मोह प्रत्येकाला होतो. आत शिरल्यावर नाकाला झोंबलं, डोळे चुरचुरले, तर कोंबडी तो अमोनिया रात्रभर घेतेय हे लक्षात घ्या. ज्या बाजूने झड येते तेवढीच बाजू झाका आणि छपराखाली वीतभर मोकळी जागा राहू द्या. खाली भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर, रोज खाली-वर करायचा. ओली झालेली जागा त्याच दिवशी खरवडून काढायची. मुठीत दाबल्यावर तुसाचा गोळा होत असेल तर तूस बदलायची वेळ झाली. ओल्या तुसात रक्ती हगवण फोफावते आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं तिला पहिली बळी पडतात. विष्ठेत रक्ताचा थेंब दिसला की उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खाण्यातल्या चुका

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर आणि उरलेल्या भातावर ती जगते, पण अंडी देत नाही. लेअरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, खाद्य पिल्लांना घालू नका, त्यातल्या जास्तीच्या चुन्याने (कॅल्शियमने) त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. बुरशी आलेला मका कितीही महाग असला तरी फेकून द्या. धुऊन, वाळवूनही त्यातलं विष जात नाही.

चुन्यासाठी आपल्याकडे दुकानात जायची गरज नाही. तिसऱ्या-कालवांची शिंपलं धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा; जिला हवं ती खाते. बाजारची खारी सुकट मात्र मूठभर टाकू नका. जास्त मिठाने कोंबडी दगावते. द्यायचीच तर भिजवून, पाणी टाकून, अगदी थोडी.

अंडी थांबली की लगेच औषध

आधी दिवस मोजा. कोंबडीला १४-१५ तास उजेड लागतो, त्यामुळे डिसेंबरात अंडी कमी होणारच. पिसं झडत असतील तर दोन-तीन महिने विश्रांती, त्यात बिघडलेलं काही नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यातही अंडी घटतात. तेव्हा सावली आणि दिवसातून तीनदा गार पाणी हाच उपाय. खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसून राहत असेल, आणि तुम्हाला पिल्लं हवी असतील तर बसवा, २१ दिवसांची बाब आहे. नको असतील तर तिला पाण्यात बुडवून काढायची जुनी रीत मला पटत नाही. जमिनीपासून उंच टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, खाली काही न अंथरता, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवली की पोटाखालची ऊब जाते आणि ती उठते.

यातलं काहीच नसेल, तर ती अंडी घालतेय, फक्त तुमच्यासाठी नाही. आमची एक तांबडी महिनाभर ‘बंद’ होती. शेवटी मुलगी तिच्या मागे मागे गडग्यापर्यंत गेली, तर करवंदीच्या जाळीत चौदा अंडी. तेव्हापासून कोंबड्यांना सकाळी अकराआधी मोकळं सोडत नाही, कारण बहुतेक अंडी त्याआधीच पडतात. आणि चार-पाच जणींमागे एक, अशा अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टोपल्या पेंढा घालून ठेवल्या आहेत. अशी सापडलेली अंडी आधी पाण्यात सोडा. आडवं पडलं ते ताजं. उभं राहिलं ते जुनं, वेगळ्या वाटीत फोडून बघा आणि वास नसेल तरच चांगलं शिजवून वापरा. तरंगलं ते लांब नेऊन खोल पुरा. उकिरड्यावर टाकलंत तर वासावर कांडेचोर येईल, आणि खुराडं तिथून दूर नाही.