जुन्या स्टेडियमवर करदात्यांचा पैसा? कौल देण्याआधी या चुका टाळा

छत गळू लागतं, एसी भर कार्यक्रमात बंद पडतो आणि तिथे खेळणारा संघ सुनावतो, ‘पैसे घाला, नाहीतर आम्ही दुसरं शहर बघतो.’ मग गावात दोन तट पडतात. भांडण ‘द्यायचे की नाही’ एवढ्यावरच चालतं. कशासाठी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर द्यायचे, हे कुणी विचारतच नाही.

इमारत गेली, कर्ज राहिलं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अमेरिकेतल्या सिॲटल शहरातलं किंगडोम हे स्टेडियम १९७६ मध्ये सुरू झालं. १९९४ मध्ये छताच्या आतल्या टाइल्स कोसळल्या, दुरुस्तीवर मोठा खर्च झाला आणि २००० मध्ये सुरुंग लावून ते जमीनदोस्त केलं. त्याच्यासाठी काढलेलं कर्ज फिटलं २०१५ मध्ये!

म्हणून कर्जरोख्यांची (सरकार लोकांकडून कर्ज घ्यायला काढतं त्या रोख्यांची) मुदत आणि संघाच्या भाडेकराराची मुदत शेजारी-शेजारी मांडून बघा. कर्ज तीस वर्षांचं आणि करार दहाचा असेल, तर अकराव्या वर्षी तोच संघ नवी यादी घेऊन दारात उभा राहणार. करार मध्येच मोडला तर उरलेलं कर्ज संघाने फेडायचं, हे कलम नसेल तर माझं मत सरळ ‘नाही’.

उलाढालीच्या आकड्याला भुलणं

सामन्याला येणारे बहुतेक प्रेक्षक त्याच परिसरातले असतात. तिकिटाला गेलेले पैसे एरवी त्यांनी सिनेमाला किंवा हॉटेलात घालवले असते. म्हणजे पैसा या खिशातून त्या खिशात. स्टेडियममुळे शहराला होणारा फायदा त्यात ओतलेल्या सरकारी पैशाच्या मानाने फार थोडा असतो, हे अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत आले आहेत. अहवालात ‘एकूण उलाढाल’ दिसली की दोन गोष्टी विचारा: यातले बाहेरगावचे किती, आणि अहवालाचं बिल कुणी भरलं?

‘नको’ म्हणजे फुकट, असं समजणं

विरोधकही इथे फसतात. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरातल्या ॲस्ट्रोडोम या जुन्या स्टेडियमसाठी २१.७ कोटी डॉलरचे रोखे काढायला मतदारांनी २०१३ मध्ये नकार दिला. वास्तू पडली नाही, वापरातही आली नाही. रिकाम्या इमारतीलाही विमा, पहारा, डागडुजी लागतेच. दुरुस्ती, पाडकाम आणि नुसतं कुलूप, तिन्हींचे खर्च एकाच तक्त्यात मागा.

संघ गेला की सगळं संपलं?

सिॲटलच्याच की-अरेना या दुसऱ्या स्टेडियममधून २००८ मध्ये बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला गेला. पुढे जुनं छत तसंच ठेवून त्याखाली जवळजवळ नवं स्टेडियम उभं राहिलं, तेही मुख्यतः खासगी पैशातून. ते २०२१ मध्ये उघडलं आणि मालकी शहराकडेच राहिली. अर्थात, एवढी श्रीमंत बाजारपेठ प्रत्येक शहराकडे नसते. लहान गावाने हा दाखला डोळे मिटून देऊ नये.

सही होऊन गेली असेल तर

करारात वाढीव खर्च कुणाच्या माथी, ते कलम शोधा. करार गप्प असेल तर तो मालकाच्या, म्हणजे शहराच्याच गळ्यात पडण्याची भीती जास्त. मुदतवाढीची बोलणी निघाली की हे कलम आधी दुरुस्त करून घ्या. सोबत प्रत्येक तिकिटामागे दुरुस्ती निधीची रक्कम वेगळ्या खात्यात जाईल, आणि त्या खात्याचा हिशेब दरवर्षी जाहीर होईल, हेही लिहून घ्या.