'हेमाडपंती' म्हणावं की नाही? कॉमन्सवर वर्ग लावताना

काळ्या दगडाचं देऊळ दिसलं की लाव 'हेमाडपंती'. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोसंग्रहावर फोटोंना वर्ग लावताना पहिले दोन महिने मी हेच करत होते. सिन्नरचं गोंदेश्वर, अंबरनाथचं शिवमंदिर, आमच्या गावाबाहेरचं पडकं देऊळ, सगळी एकाच वर्गात. मग एका जुन्या सदस्याने विचारलं, "अंबरनाथच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्री पंडित, म्हणजे ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो हेमाडपंत, यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. कसं जमवताय?"

जमवता येत नव्हतं. पण तो शब्द सरळ चूक आहे असंही म्हणवेना. चुना न वापरता, दगडांना खाचा पाडून एकमेकांत बसवलेल्या बांधकामाला लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात, मग ते बांधलेलं कुणीही असो. गोंदेश्वराचं शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा असलेलं, तरी गावात बहुतेकांकडून हेमाडपंतीच ऐकायला मिळतं. दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माझी गोची वेगळी होती: सोमवारी मी एक बाजू घेत होते, शुक्रवारी दुसरी.

तेव्हापासून एक वही ठेवली. अडलेला प्रत्येक निर्णय एका ओळीत, तारखेसह आणि कारणासह. पहिली नोंद अशी: "शिखर फोटोत दिसतंय आणि भूमिज आहे हे नक्की, तर भूमिज. नुसती कोरडी दगडी रचना दिसते, काळ माहीत नाही, तर शैलीचा वर्ग नाही; लोक हेमाडपंती म्हणतात हे वर्णनात." वर्णनातला शब्दही शोधात सापडतो, त्यामुळे काही हरवत नाही.

किल्ल्यांचं सोपं आहे. फोटो 'रायगड' वर्गात गेला की 'महाराष्ट्रातील किल्ले' या वरच्या वर्गात पुन्हा टाकायचा नाही. नियम लिहिलेलाच आहे, पाळा आणि पुढे चला.

खरा कस लागला तो वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर. चांगला वीरगळ ओळखणं अवघड नाही: खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी गाई कोरलेल्या, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. सतीशिळेवर, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या स्मारकशिळेवर, खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात. पण देवळामागे पडलेल्या शिळा अशा कुठे असतात! शेंदूर थापलेला, निम्मी जमिनीत, उरलेली झिजलेली. शिवाय काही शिळांवर वीरही असतो आणि हातही. त्यांना मी दोन्ही वर्ग लावते. एकच निवडायचा हट्ट सोडला.

एकदा स्वतःचीच परीक्षा घेतली. आधी वर्ग लावलेले वीस फोटो महिन्याभराने काढले, जुने वर्ग न बघता पुन्हा लावले. तेरा जुळले. न जुळलेल्या सातांपैकी सहा झिजलेल्या शिळांचे होते. आधी वाटलं होतं, आपला हात एकूणच कच्चा आहे. निघाली एकच कच्ची जागा. वहीत भर पडली: "दोन खुणा स्पष्ट दिसल्या तरच वीरगळ. आजूबाजूला वीरगळ आहेत हा पुरावा नव्हे." हे दुसरं वाक्य माझ्यासारख्यांसाठीच, कारण रांगेत पाच वीरगळ असले की सहावा दगडही मला वीरगळच दिसायचा.

नियम बदलला तर जुन्या फोटोंकडेही परत जावं लागतं, नाहीतर एकाच संग्रहात दोन कायदे चालतात. कॅट-अ-लॉट नावाचं साधन सुरू करून घ्या. निवडलेले फोटो एका वर्गातून दुसऱ्यात एकदम हलतात. आणि संध्याकाळी दमून वर्ग लावू नका. माझ्या वहीतल्या खाडाखोडी बहुतेक रात्री दहानंतरच्या आहेत.

एक शिळा अजून अडली आहे. वरच्या कोपऱ्यात कोरलेलं काहीतरी आहे, सकाळच्या तिरप्या उन्हात हात वाटतो, दुपारच्या फोटोत झाडाची फांदी. भाऊ म्हणतो हात, मी म्हणते फांदी. सध्या ती 'ओळख न पटलेल्या' वर्गात आहे, दोन्ही फोटो शेजारी-शेजारी.